गृहीत हात

वोल्फगांग इझर ह्या जर्मन समीक्षकाने १९७० च्या दशकात मांडलेली 'गृहीत वाचक' ही संकल्पना आपल्याकडे पदव्युत्तर वर्गांत शिकवली जाते. संहिता सिद्ध होते तेव्हाच तिच्या पोटात एक वाचक गृहीत धरलेला असतो. त्याला काय ठाऊक आहे, तो कोठे थबकेल, कोणत्या मोकळ्या जागा स्वतः भरील, ह्याचा हिशेब संहितेने आधीच केलेला असतो. हे सूत्र उत्तरपत्रिकेत लिहून विद्यार्थी गुण मिळवतात. मात्र व्हिडिओ गेम हा चर्चेचा विषय झाला की तेच विद्यार्थी आणि त्यांचे अध्यापक कथानक, निवेदन, मिथक आणि दृश्यभाषा ह्यांविषयी बोलतात आणि थांबतात. एस्पेन आर्सेथने 'सायबरटेक्स्ट' ह्या ग्रंथात वाचकाच्या श्रमांकडे लक्ष वेधले ते १९९७ साली. त्यालाही पाव शतकाहून अधिक काळ लोटला. तरीही ज्या वस्तूवाचून गेमचे एक पानही उलटत नाही, त्या कंट्रोलरविषयी आपल्या साहित्यचर्चेत जवळपास मौनच आहे.

आमचे म्हणणे असे, की संहितेत जसा गृहीत वाचक असतो तसा प्रत्येक कंट्रोलरमध्ये एक गृहीत हात असतो. तो किती मोठा आहे, त्याची किती बोटे चपळ आहेत, त्याचे अंगठे किती वेळ थकत नाहीत, हे कारखान्यात ठरते. खेळाडू जेव्हा कंट्रोलरच्या पाठीमागे दोन-चार जादा बटणे बसवतो आणि त्यांना हवे ते काम नेमून देतो, तेव्हा तो ह्या गृहीत हाताशी वाद घालत असतो. ह्या वादात त्याला 'लबाड' ठरवणारे शुद्धतावादी, ती बटणे चैनीची वस्तू म्हणून विकणारे उत्पादक आणि हा सारा प्रश्न तंत्रज्ञांचा मानून अंग काढून घेणारे समीक्षक, ह्या तिघांचीही भूमिका आम्हाला अमान्य आहे. प्रस्तुत लेखाचे प्रयोजन तेवढेच.

१

हा हात घडला कसा, हे थोडक्यात पाहू. १९७७ च्या अटारी यंत्राच्या जॉयस्टिकला एक दांडी होती आणि एक बटण. १९८३ साली जपानमध्ये आलेल्या निन्टेंडोच्या फॅमिकॉमच्या कंट्रोलरवर गुनपेई योकोई ह्यांनी घडवलेली अधिक-चिन्हाच्या आकाराची दिशाकळ डावीकडे आणि दोन बटणे उजवीकडे होती. १९९० च्या सुपर फॅमिकॉमने उजवीकडे चार बटणे केली आणि कंट्रोलरच्या खांद्यावर आणखी दोन बसवली. १९९७ च्या ड्युअलशॉकने अंगठ्यांनी फिरवायच्या दोन छोट्या दांड्या रूढ केल्या. त्यानंतरच्या कंट्रोलरांत आकार, वजन, कंपन, रंग बदलले; मूळ आराखडा बदललेला नाही.

ह्या आराखड्याचे अंकगणित कोणी मांडत नाही, म्हणून आम्ही मांडतो. आजच्या साधारण कंट्रोलरवर दिशांची चार, उजवीकडची चार, खांद्यांवरची चार आणि दोन्ही दांड्या आत दाबल्यावर चालणारी दोन, अशी चौदा बटणे असतात, मेनूची वेगळी. त्यांपैकी खांद्यांवरची चार तर्जन्यांच्या वाट्याला येतात. उरलेली दहा बटणे आणि शिवाय दोन दांड्या केवळ दोन अंगठ्यांवर सोपवलेल्या असतात. बाकीची सहा बोटे कंट्रोलर धरून ठेवतात. त्यांना दुसरे काम नाही. ज्या गेममध्ये उजवी दांडी नजर फिरवते आणि उजवीकडचे बटण उडी मारते, तेथे उडी मारायची तर अंगठा दांडीवरून उचलावा लागतो. म्हणजे उडीच्या क्षणी खेळाडूची नजर एका जागी खिळते. मैदानात माणूस उडी मारताना मान वळवू शकतो. पडद्यावरच्या माणसाला ते जमत नाही, कारण त्याच्या दोन्ही क्रियांचा धनी एकच अंगठा आहे.

ह्यावर खेळाडूंनी काढलेला जुना उपाय म्हणजे तर्जनी आकड्यासारखी वाकवून वरून बटणावर आणणे. पक्ष्याच्या नखीसारख्या दिसणाऱ्या ह्या पकडीने काम भागते, पण तासन् तास बोट तसे मुडपून ठेवणे सुखाचे नसते. मग स्वाभाविक प्रश्न असा की पाठीमागे रिकामी बसलेली मधली बोटे आणि अनामिका कामाला का लावू नयेत? जादा बटणांचा जन्म ह्या साध्या प्रश्नातून झाला आहे.

ती बसवण्याची रीतही गूढ नाही. कंट्रोलरचे नेहमीचे बटण दाबले जाते तेव्हा त्याच्या तळाशी असलेला वाहक रबराचा तुकडा खालच्या दोन संपर्कबिंदूंना जोडतो आणि मंडल पूर्ण होते. त्याच दोन बिंदूंपासून दोन बारीक तारा डाख देऊन काढल्या, पाठीमागच्या कवचाला भोक पाडून तेथे एक छोटा स्विच बसवला आणि तारा त्याला जोडल्या, की पाठीमागचे बटण तयार होते. तारा एकदा जोडल्या की काम कायमचे ठरते. ते बदलता यावे असे वाटत असेल तर मध्ये एक लहानशी चिप घालावी लागते, जी 'आजपासून हे बटण अमुक बटणाची नक्कल करील' हे लक्षात ठेवते. दोन्ही प्रकारांत गेमपर्यंत पोचणारा संकेत तोच असतो. बोट पुढून दाबले की मागून, हे गेमला कळत नाही आणि कळण्याचे त्याला कारणही नाही.

हौशी लोकांचा आणि लहान कारागिरांचा हा उद्योग हळूहळू व्यवसाय झाला. स्कफ ह्या कंपनीने पाठीमागे पट्ट्या बसवलेले कंट्रोलर विकले. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली चार पट्ट्यांचा 'एलिट' कंट्रोलर काढला. व्हॉल्वने त्याच वर्षीच्या आपल्या स्टीम कंट्रोलरला मागे दोन आणि २०२२ च्या स्टीम डेकला मागे चार बटणे दिली. २०२५ च्या जूनमध्ये निन्टेंडोच्या स्विच २ बरोबर आलेल्या प्रो कंट्रोलरलाही पाठीमागे दोन नेमणीय बटणे आली. तात्पर्य, कारागिरांनी काढलेली चूक सर्वांनी एकामागून एक मान्य केली. आता वाद उरला तो ह्या बटणांच्या नैतिकतेचा, अर्थाचा आणि मालकीचा.

२

पहिला आक्षेप शुद्धतावाद्यांचा. साधने सर्वांना समान हवीत. ज्याच्याकडे जादा बटणे आहेत तो कपट करतो, असे ते म्हणतात. येथे दोन भिन्न गोष्टींची गल्लत केली जाते. पाठीमागचे बटण पुढच्या बटणाची नक्कल करते तेव्हा एका दाबण्याला एकच क्रिया मिळते. ती केव्हा करायची हे खेळाडूच ठरवतो. ह्याउलट मॅक्रो म्हणजे अनेक क्रियांची, त्यांच्यामधल्या वेळेसकट साठवलेली मालिका. एकदा दाबले की ती आपोआप उलगडत जाते. पहिल्यात बोटाची जागा बदलते. दुसऱ्यात बोटामागचा विचारच यंत्राकडे जातो.

महाराष्ट्रातल्या कोणत्याही परीक्षाकेंद्रावर काम केलेल्या अध्यापकाला हा भेद समजावून सांगण्याची गरज नाही. अंध विद्यार्थ्याला लेखनिक मिळतो, वाढीव वेळ मिळतो. लेखनिक उत्तर लिहितो, उत्तर देत नाही. लेखनिक मिळाला म्हणून त्या विद्यार्थ्याने कॉपी केली असे म्हणणाऱ्या पर्यवेक्षकाला आपण काय म्हणू? आणि लेखनिकच उत्तरे सुचवू लागला तर त्याला थांबवतानाही आपण कचरणार नाही. पाठीमागचे बटण पहिल्या प्रकारचा लेखनिक आहे, मॅक्रो दुसऱ्या.

हा भेद व्यवहारात पाळता येतो, ह्याचे उदाहरणही आहे. काही कीबोर्डांत अशी सोय निघाली, की विरुद्ध दिशांच्या दोन कळा एकाच वेळी दाबलेल्या असल्या तर शेवटची कळ धरून आधीची आपोआप सोडली जावी. नेमबाजीच्या गेममध्ये धावता धावता क्षणात थांबण्याचे जे कौशल्य खेळाडू मेहनतीने कमावतो, ते ह्या सोयीने आयते मिळते. व्हॉल्वने २०२४ च्या ऑगस्टमध्ये 'काउंटर-स्ट्राइक २' च्या आपल्या अधिकृत सर्व्हरांवर अशा स्वयंचलनाला बंदी घातली. आम्हाला हा निर्णय योग्य वाटतो. त्याने बटणे मोजली नाहीत. क्षणाची निवड कोण करतो हे विचारले. नियमाची रेघ तेथेच ओढली पाहिजे. ती बटणांच्या संख्येवर ओढणारा नियम आळशी आहे, कारण त्याला कपट आणि सोय ह्यांत फरक करण्याचे कष्ट नको आहेत.

'समान साधने' ह्या शब्दप्रयोगाविषयीही एक शब्द. २००१ साली मायक्रोसॉफ्टने पहिल्या एक्सबॉक्सबरोबर इतका अवजड कंट्रोलर दिला, की पुढच्या वर्षी जपानी बाजारासाठी लहान कंट्रोलर काढावा लागला आणि नंतर तोच सर्वत्र प्रमाण झाला. सर्वांना एकच कंट्रोलर दिला म्हणून साधने समान झाली होती काय? लहान हातांच्या खेळाडूला आणि मोठ्या हातांच्या खेळाडूला एकच वस्तू देणे ही समानता दिसायला नेटकी असते, इतकेच.

३

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो साहित्याच्या माणसाला अधिक भुरळ घालणारा आहे. बटणांची मांडणी हा कृतीचाच भाग असतो. कर्त्याने ती अर्थपूर्ण केलेली असते. ती बदलणे म्हणजे कवितेच्या ओळी हव्या तेथे तोडणे होय, असा हा आक्षेप. त्याला बळ देणारी उदाहरणेही खरी आहेत. १९९८ च्या 'मेटल गिअर सॉलिड' मध्ये मन वाचणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला चकवण्यासाठी खेळाडूने कंट्रोलर यंत्राच्या पहिल्या खाचेतून काढून दुसऱ्या खाचेत घालायचा असतो. तेथे कंट्रोलर हा कथेतला पदार्थच होतो.

ह्याहून समर्थ उदाहरण 'ब्रदर्स: अ टेल ऑफ टू सन्स' ह्या २०१३ च्या गेमचे. जोसेफ फारेस ह्यांच्या दिग्दर्शनाखाली झालेल्या ह्या गेममध्ये दोन भाऊ आहेत. कंट्रोलरचा डावा अर्धा भाग थोरल्याचा, उजवा धाकट्याचा. धाकट्याला पाण्याची भीती. तो थोरल्याच्या पाठीला धरूनच पाणी पार करतो. शेवटाकडे थोरला मरतो आणि खेळाडूचा डावा हात अकस्मात निरुद्योगी होतो. पुढे पाणी आडवे येते. धाकटा काठावर अडतो. तेव्हा खेळाडूने थोरल्याचे म्हणून ठेवलेले डावीकडचे बटण दाबले, तरच धाकटा पाण्यात उतरून पोहू लागतो. शोक आणि वारसा ह्यांचे असे निरूपण शब्दांत करता आले नसते, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो.

पण ह्यावरून काय सिद्ध होते? ज्या खेळाडूचा डावा हात चालत नाही, त्याने थोरल्याचे बटण पाठीमागे उजव्या अनामिकेखाली नेमून घेतले आहे असे समजा. सारा प्रवासभर थोरला भाऊ त्याच्या त्या बोटाखाली वावरला. थोरला गेल्यावर तेच बोट निरुद्योगी होईल. पाण्याच्या काठाशी त्याच बोटाला आठवण होईल. अर्थ डावीकडे नव्हता. तो सवयीत होता, आणि त्या सवयीच्या खंडात होता. बोट आणि भाऊ ह्यांचे नाते ह्या गेमने घडवले. ते कोणत्या बोटाशी घडावे हे खेळाडूच्या देहाने ठरवले तर नात्याला बाध येत नाही. काही छटा बदलतील हे खरे. दोन हातांचे दोन भाऊ ही सममिती त्या खेळाडूला मिळणार नाही. पण भाषांतरात छटा बदलतात म्हणून आपण भाषांतरे बंद केलेली नाहीत; आणि येथे पर्याय मूळ वाचण्याचा नसून काहीच न वाचण्याचा आहे.

कर्त्याचा हेतू आणि यंत्राची सोय ह्यांतला फरकही ओळखला पाहिजे. 'ब्रदर्स' सारख्या थोड्या कृतींत बटणांची जागा विचारपूर्वक अर्थवाही केलेली असते. बहुसंख्य गेममध्ये ती रूढीने आलेली असते: अमुक बटणाने उडी, तमुकाने बंदुकीत गोळ्या भरायच्या, कारण आधीच्या गेममध्ये तसेच होते. रूढीला हेतूचा दर्जा देऊन तिचे रक्षण करणे हे समीक्षेचे काम नव्हे.

मराठीत संगणकावर लिहिणाऱ्यांना तर हे कळायला हवेच. एकाच कीबोर्डावर कोणी जुन्या टंकयंत्राच्या मांडणीने देवनागरी लिहितो, कोणी इन्स्क्रिप्टने, कोणी रोमन अक्षरांच्या उच्चारानुसार. कळ तीच, अक्षर वेगळे. ह्या तिघांनी लिहिलेली 'क्ष' वाचकाला एकच दिसते आणि कोणत्याही संपादकाने आजवर लेख परत करताना 'आपण ध्वन्यनुसारी मांडणीने लिहिले आहे' असे कारण दिल्याचे ऐकिवात नाही. पेटीवाल्याने गायकाच्या पट्टीप्रमाणे स्केल-चेंजर सरकवला तर त्याने राग बिघडवला असे आपण म्हणत नाही. बोटांची सोय आणि कृतीचा आशय ह्यांना वेगळे ठेवण्याचा विवेक आपल्या व्यवहारात आहे. गेमपाशी आल्यावरच तो का सुटावा?

४

आता उत्पादकांकडे वळू. पाठीमागच्या बटणांची आवश्यकता त्यांना पटली आहे. ती त्यांनी गरज म्हणून न देता मानाची वस्तू म्हणून विकली, हा आमचा आरोप आहे. २०१५ चा एलिट १५० डॉलरना आला, २०१९ चा दुसरा एलिट १८० डॉलरना. सोनीने २०२० च्या आरंभी प्लेस्टेशन ४ च्या कंट्रोलरला मागून जोडायचा दोन बटणांचा तुकडा ३० डॉलरना विकला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात प्लेस्टेशन ५ आले, त्याच्या कंट्रोलरला पाठीमागे एकही बटण नव्हते. त्यानंतर २०२३ च्या जानेवारीत दोन पाठबटणांचा 'ड्युअलसेन्स एज' आला तो २०० डॉलरना; साध्या कंट्रोलरच्या जवळपास तिप्पट. त्यात बदलता येणाऱ्या दांड्या, पेटी इत्यादी आणखी काही आहे, हे खरे. पण ज्याला केवळ दोन बटणे हवी होती त्याला ती सुटी मिळेनाशी झाली. दरम्यान चिनी उत्पादकांचे पाठबटणांसह येणारे कंट्रोलर सोनीच्या साध्या कंट्रोलरपेक्षाही स्वस्त मिळतात. तेव्हा ही किंमत बटणांची नव्हे. ती 'व्यावसायिक खेळाडू' ह्या बिरुदाची आहे.

मालकीचा प्रश्न त्याहून विलक्षण. कंट्रोलरच्या पाठीमागे बोटांनी दाबायच्या पट्ट्या ह्या कल्पनेवर स्कफशी संबंधित आयर्नबर्ग ह्या कंपनीने अमेरिकेत पेटंट मिळवले. २०२१ च्या फेब्रुवारीत ज्यूरीने व्हॉल्वने त्याचा भंग केल्याचे ठरवून ४० लाख डॉलरांहून अधिक भरपाई दिली. प्रकरण पुढे अपिलात गेले. कारागिराच्या श्रमाला मोल मिळावे ह्याविषयी आमचा वाद नाही. पण माणसाच्या मधल्या बोटाला काम देण्याची कल्पना एका कंपनीच्या कपाटात बंद व्हावी आणि इतरांनी तिला भाडे द्यावे, ह्यात काही विसंगत आहे असे ज्याला वाटत नाही त्याच्याशी आम्ही बोलू शकत नाही.

आणि तिसरी गोष्ट. मायक्रोसॉफ्टने २०१८ साली 'अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलर' काढला. दोन मोठी नेमणीय बटणे आणि मागच्या कडेला बाहेरचे स्विच जोडण्यासाठी एकोणीस छिद्रे असलेली ही वस्तू म्हणजे गृहीत हात मोडीत काढण्याचा आजवरचा सर्वांत प्रामाणिक प्रयत्न. त्याचे श्रेय आम्ही देतो. (अशा प्रयत्नांना पूर्वपरंपराही आहे: निन्टेंडोने १९८९ सालीच छातीवर बांधायचा, हनुवटीने हलवायचा आणि नळीत श्वास ओढून-सोडून चालवायचा कंट्रोलर विकला होता.) परंतु त्याच मायक्रोसॉफ्टने २०२३ च्या नोव्हेंबरपासून एक्सबॉक्सवर अनधिकृत जोडसाधने अडवायला सुरुवात केली. कपट करणाऱ्या यंत्रांना आळा बसावा ह्याला आमची हरकत नाही. पण घरी जुळवलेली, स्वस्तात मिळवलेली, एखाद्याच्या दोनच बोटांसाठी घडवलेली साधने अधिकृत असणार कशी? अपंग खेळाडूंच्या बाजूने बोलणाऱ्यांनी तेव्हाच ही चिंता बोलून दाखवली. परवानगीने मिळणारी सोय परवानगीबरोबर जाते, हे अशा वेळी ध्यानात येते.

५

ह्या सगळ्याशी साहित्याच्या विभागाचा काय संबंध, असे विचारणारे असतील. संबंध असा, की आज ना उद्या गेम हे पाठ्यपुस्तक म्हणून आपल्या वर्गात येणार आहेत. काही ठिकाणी ते आलेही आहेत. कादंबरी नेमताना आपण विचारतो की तिची प्रत उपलब्ध आहे काय, अंध विद्यार्थ्यासाठी ती ब्रेलमध्ये वा ध्वनिरूपात मिळेल काय. गेम नेमताना हा प्रश्न कोणी विचारणार आहे काय? वर्गातल्या एका विद्यार्थिनीचा अंगठा चालत नसेल तर तिने 'ब्रदर्स' वर निबंध कसा लिहावा? दुसऱ्याने खेळलेला पाहून? आपण कोणाला कविता दुसऱ्याच्या सारांशावरून शिकवत नाही.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. प्रत्येक गेममध्ये प्रत्येक क्रिया हव्या त्या बटणाला नेमता आली पाहिजे. २०२० च्या 'द लास्ट ऑफ अस, भाग २' ने हे मोठ्या प्रमाणावर करून दाखवले आहे, तेव्हा अशक्यतेची सबब उरलेली नाही. पाठीमागची बटणे साध्या कंट्रोलरचा भाग झाली पाहिजेत. स्पर्धांच्या नियमांनी बटणे मोजणे सोडून स्वयंचलन तपासावे. घरी घडवलेल्या साधनांना दार बंद करणाऱ्यांनी आधी पर्यायी दार उघडावे.

शेवटची मागणी आमच्याच बिरादरीकडे. ग्रंथाविषयी लिहिताना आपण कोणती आवृत्ती वाचली ते नोंदवतो. पाठभेद असतील तर सांगतो. स्टीमवर तर खेळाडूंनी रचलेल्या बटणांच्या मांडण्या एकमेकांना देण्याची सोय आहे. एकेका गेमच्या अनेक मांडण्या तेथे पोथ्यांच्या पाठांसारख्या शेजारी शेजारी नांदतात. गेमविषयी लिहिणाऱ्या समीक्षकानेही आपण तो कोणत्या साधनाने, कोणत्या मांडणीने खेळलो हे एका वाक्यात नोंदवावे. त्याने फार काही बिघडणार नाही. निदान आपला स्वतःचा हात हाच सर्वांचा हात आहे ह्या समजुतीला कागदावर जागा मिळणार नाही, आणि आजवर आपल्या लेखनात तीच समजूत निमूटपणे बसून आहे.